अपुऱ्या पत्त्याची भांडी

नुसतं ‘शिरगाव’ लिहिलेलं पत्र हातात आलं की आम्ही सॉर्टिंगची माणसं कपाळाला हात लावायचो. एक शिरगाव रत्नागिरीला खेटून आहे, एक देवगड तालुक्यात, एक मावळात, एक पालघरजवळ. वर तालुका नाही, जिल्हा नाही. १९७२ साली पिनकोड आला, तो तर लोकांनी कित्येक वर्षं मनावरच घेतला नाही. मग पाठवणाऱ्या गावचा शिक्का, आडनावाची ठेवण, कार्डावरचा एखादा ‘आंबे पोचले’सारखा शब्द, अशा कशाच्या तरी आधारानं पत्र एखाद्या खणात टाकायचं. पोस्टात मी ३१ वर्षं काढली, त्यातली पहिली ११ याच कामात.

त्यामुळे २००९ सालच्या एका रविवारी, पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, मी पितळेचा एक फिरकीचा तांब्या उचलला आणि त्याच्या पोटावर ‘श. वि. गो. शिरगाव. शके १८५९’ एवढंच वाचलं, तेव्हा मला हसूच आलं. हाही अपुऱ्या पत्त्याचाच!

फिरकीचा तांब्या म्हणजे झाकणाला आटे असलेला, प्रवासात पाणी सांडू नये म्हणून घडवलेला. शकात ७८ मिळवले की इसवी सन निघतं, म्हणजे हा १९३७ चा. विकणाऱ्याला अक्षरांशी देणंघेणं नव्हतं. त्यानं तांब्या काट्यावर ठेवला, “सातशे ग्रॅम भरतोय, मावशी” म्हणाला आणि मोडीच्या भावावर थोडे चढवून पैसे सांगितले. मोड म्हणजे वितळवायला निघालेलं जुनं भांडं. आपण एखादी गोष्ट ‘मोडीत काढली’ म्हणतो, ती हीच मोड. मोडीचा भाव धातूला असतो. नावाला वजन नसतं, त्यामुळे नाव फुकट मिळतं.

त्या दिवसापासून मी भांडी जमवायला लागले. आज ६४ आहेत. अट एकच, भांड्यावर नाव हवं. मग ते पोचे आलेलं असो, कडी तुटलेली असो, मला चालतं. आमच्या घरी याला ‘रिटर्न्ड लेटर ऑफिस’ म्हणतात, म्हणजे पत्ता न लागलेली पत्रं जातात ते पोस्टातलं कार्यालय. नाव यांनी ठेवलं, चेष्टेत. पण बरोबर ठेवलं.

भांड्यावर नाव घालणं हा आपल्याकडचा जुना रिवाज, आणि त्यामागचं कारण अगदी व्यवहाराचं होतं. लग्न-मुंज घरच्या अंगणात व्हायची. पन्नास पानांची पंगत उठवायची तर एका घरची भांडी पुरायची नाहीत. शेजारच्या पाच घरांतून परात, घंगाळ, ओगराळी, पातेली यायची. दुसऱ्या दिवशी सगळी घासून ओसरीवर पालथी घातली की कोणाचं कोणतं, हे नावावरून कळायचं. वाड्यातल्या सार्वजनिक नळावर कळश्यांची रांग लागायची, तिथेही तेच. शिवाय आहेराचं भांडं कोणाकडून आलं हे लक्षात ठेवावं लागे, कारण पुढे त्यांच्या घरच्या कार्यात तेवढ्याच तोलामोलाचं परत करायचं असे. ‘चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून’ हा मजकूर त्यामुळे प्रेमाचा तर होताच, पण जमाखर्चाचाही होता.

भांड्याच्या दुकानाबाहेर एक माणूस छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन बसलेला असायचा. तो टिंबाला टिंब लावत अक्षर काढायचा. पुढे विजेवर थरथरणारी पेन आली, तिची अक्षरं सलग आणि जरा वेडीवाकडी असतात. अक्षर टिंबांचं आहे की सलग, यावरूनही भांड्याचं वय ताडता येतं. जुन्या कारागिरांतले काही अक्षराचे इतके पक्के होते की पितळेवरची वेलांटी वहीतल्यासारखी वळते. काही मात्र ‘सौ’ची मात्रा काठावर चढवून मोकळे झालेत. मला दोन्ही आवडतात. अक्षर चुकलेलं भांडं तर मी हमखास घेते. एका वाटीवर ‘सप्रेम’चं ‘सपेम’ झालंय.

बायकांच्या नावाचं एक गूढ मला बरीच वर्षं उलगडत नव्हतं. माझ्याकडच्या भांड्यांवर पुरुषांची नावं, आद्याक्षरं, मामा-काका-आत्या भरपूर आहेत. पण ज्या बाईनं ती भांडी तीस-चाळीस वर्षं घासली तिचं नाव फार थोड्यांवर आहे, आणि असलं तरी सासरचं. माहेरच्या नावानं बाई कुठे सापडते, ते पुढे सांगते.

सगळ्यात मोठं भांडं माझ्याकडे आहे ते तांब्याचं, दोन माणसांनी उचलावं लागेल असं पातेलं. त्यावर एका कोकणातल्या वाडीचं नाव आणि पुढे एकच शब्द: ‘समाईक’. अशी समाईक भांडी पुष्कळ वाड्यांची असायची. वर्गणी काढून घ्यायची, देवळात किंवा कोणा विश्वासू घरी ठेवायची, ज्याच्या घरी कार्य त्यानं न्यायची आणि घासून परत आणून द्यायची. हे पातेलं पुण्यात मोडीत कसं आलं कोण जाणे. मला ते घरात ठेवताना चोरीचा माल ठेवल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी मी त्या गावच्या पोस्टमास्तरांच्या नावे पत्र टाकलं; आमच्या खात्यातली माणसं उत्तर देतात. महिन्यानं वाडीतल्या एका गृहस्थांचा फोन आला. म्हणाले, “ताई, आता केटरर येतो, सगळं घेऊन येतो. पातेलं आम्हीच विकलं, देवळाच्या पत्र्यासाठी. तुम्ही ठेवा.” मग मी ते ठेवलं. गावाचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्यांनी काही चुकीचं केलं नाही. देवळावर पत्रा हवाच होता.

आता धातूंबद्दल, कारण जुनी भांडी घेणाऱ्यांची पहिली फसगत इथेच होते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ ला २२ या प्रमाणात. कासं पितळेपेक्षा फिकं दिसतं, बोटानं टिचकी मारली तर नाद लांबपर्यंत रेंगाळतो. पण ते ठिसूळ, हातून पडलं की तडकतं. म्हणून काशाची ताटं-वाट्या जपून वापरल्या जात आणि आज धड अशी कमी मिळतात. आंबट पदार्थ काशात चालतो. पितळेत आणि तांब्यात तो कळकतो. ‘कळकणं’ हा शब्द आजच्या मुलांना सांगावा लागतो: ताक किंवा चिंचेची आमटी तशाच पितळी भांड्यात राहिली की आंबट धातूला खातं, हिरवट होतं, चव बिघडते, पोट तर बिघडतंच.

त्यावर उपाय कल्हई. कल्हईवाला भट्टीवर भांडं तापवायचा, आत नवसागराची पूड टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा. नवसागर धातूवरची काजळी आणि मळ सोडवतो, त्याशिवाय कथील धरत नाही. मग कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंशांवरच वितळतं, त्यामुळे ते टेकताक्षणी पाण्यासारखं पळतं. कापसाच्या बोळ्यानं ते सगळीकडे फिरवायचं आणि भांडं पाण्यात बुडवायचं. आतून चांदीसारखं होतं ते एवढ्या पातळ थरानं. हा थर घासून घासून झिजतो, म्हणून कल्हई पुन्हा पुन्हा लागते. जुनं भांडं स्वयंपाकाला वापरणार असाल तर कल्हई करा, आणि करणाऱ्याला कथील शुद्ध वापरायला सांगा. स्वस्तात करणारे कधी त्यात शिसं मिसळतात, आणि शिसं पोटात जाणं हे कळकलेल्या आमटीपेक्षा वाईट.

भांडं किती जुनं, हे ओळखायला मी आधी सांधा बघते. जुन्या पद्धतीचे हंडे आणि तांबे दोन-तीन भागांत ठोकून मग जोडलेले असतात. उजेडात धरलं की पोटाभोवती किंवा बुडाशी दातेरी रेघ दिसते, एका पत्र्याचे दात दुसऱ्यात बसवून झाळलेले. यंत्रावर ओढलेल्या भांड्याला सांधा नसतो, आतून बारीक गोल गोल रेषा दिसतात. हातानं ठोकलेल्याची आणखी एक खूण म्हणजे मठारकाम. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे; पेशवाईपासून तांबट समाज तिथे तांब्या-पितळेची भांडी घडवत आलाय. गोल तोंडाच्या हातोडीनं एकाशेजारी एक ठोके देत अख्खं भांडं खवल्यांसारखं उठवायचं, ते मठारकाम. लोकांना ती नक्षी वाटते. पण ठोकल्यानं पत्रा कडक होतो, त्याला सहज पोचे येत नाहीत. शोभा ही वरची कमाई. आता पाणी तापवायच्या बंबांना गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा तीच हातोडी दिव्यांवर आणि पेल्यांवर चालते.

हल्ली ‘अँटिक’ म्हणून नवीच भांडी काळी करून विकतात. ओळखायची सोपी रीत आहे. खोटा काळेपणा सगळीकडे सारखा असतो. खरं भांडं माणसाच्या हातानं झिजतं, म्हणजे कडीच्या खालच्या बाजूला, काठाच्या आत जिथे डाव आपटतो तिथे, आणि बुडाला चुलीच्या दगडांवर टेकायचं तिथे. झीज पाहिली की त्या घरातली बाई डावखुरी होती का, हेसुद्धा एखाद्या वेळी कळतं. (मला एकदा कळलं असं वाटलं. यांनी मान्य केलं नाही.)

आमच्याच घरातलं पितळ कुठे गेलं, हेही सांगायला हवं. १९७४ साली आईनं घंगाळ, दोन हंडे आणि पाण्याचा बंब दुकानात मोड म्हणून घातला आणि त्या बदल्यात स्टीलची सहा ताटं, वाट्या, पेले आणि एक डबा आणला. त्या वर्षांत हे घरोघर झालं. शिवाय दारावर बोहारीण यायची, जरीची जुनी साडी घेऊन स्टीलचं पातेलं द्यायची. त्याआधी जर्मलची, म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी आली होती, पण त्यांना मान नव्हता. स्टीलला होता. मी पंधरा-वीस वर्षं आईला यावरून बोलत आले, की आपला बंब का विकलास. एकदा ती वैतागून म्हणाली, “तू घासला होतास का?” त्यानंतर मी बोलले नाही. चिंच आणि राख लावून रोज चौदा भांडी घासणाऱ्या बाईला स्टील म्हणजे सुटका होती. पितळेची आठवण काढून हळहळणाऱ्यांत घासलेली माणसं कमीच.

भांडी जमवणाऱ्यांचा आपल्याकडचा मूळपुरुष म्हणजे पुण्याचे डॉ. दिनकर केळकर, ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणारे. १९२० च्या सुमारास त्यांनी जमवायला सुरुवात केली आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावानं बाजीराव रस्त्याजवळ संग्रहालय उभं केलं. तिथले दिवे आणि अडकित्ते लोक पाहतात. स्वयंपाकाच्या भांड्यांपुढे मात्र चालता चालता मान वळवून निघून जातात. उलट करून बघा, भांड्यांपुढे थांबा. अहमदाबादला विशाला म्हणून ठिकाण आहे, तिथे सुरेंद्र पटेल यांनी १९८१ साली निव्वळ भांड्यांचं संग्रहालय काढलं. एवढ्या तऱ्हांनी माणूस पाणी ठेवतो आणि ओततो, हे तिथे गेल्यावर कळतं. काचसामान जमवणाऱ्यांची वाट निराळी. ते तळेगावच्या पैसा फंड कारखान्याचा (तो १९०८ चा, माणशी एक पैसा जमवून निघालेला) किंवा ओगलेवाडीचा माल शोधतात. तिथल्या प्रभाकर कंदिलाची मूळ काच न तडकता मिळाली तर त्यांच्याकडे पेढे वाटतात.

आता माहेरच्या नावाचं.

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली, कशिद्याची वही निघाली. पहिल्या पानावर तिचं लग्नाआधीचं पूर्ण नाव, इयत्ता आणि १९४६. त्या नावावर नंतर कोणी रेघ मारलेली नाही, सासरचं नाव कुठेही नाही. आत चौकटीचे कागद आणि त्यावर पेन्सिलीनं भरलेल्या फुल्या: दोसुतीवर घालायचे मोर, गुलाब, हरणं, ‘सुस्वागतम्’ची अक्षरं. प्रत्येक फुलाशेजारी एक आकडा होता, ३२१, ७००, ३१०. मी आधी ते टाक्यांचे हिशेब समजले. जुळेनात. शेवटी एका दोऱ्याच्या दुकानात सहज विचारलं, तर तिथल्या बाई न बघता म्हणाल्या, “३१० म्हणजे काळा.” ते डीएमसी दोऱ्यांचे रंगक्रमांक होते. ही फ्रान्सची कंपनी, १७४६ ची, आणि ३१० अजूनही काळाच आहे, ३२१ लाल, ७०० हिरवा. म्हणजे आईचा गुलाब मी आज तिच्याच रंगात भरू शकते. भरलाही.

तेव्हापासून मी वह्याही घेते. रद्दीवाल्याकडे त्या किलोवर येतात. शाळेच्या वह्यांच्या गठ्ठ्यात शोधाव्या लागतात. क्रोशाच्या लेसचे नमुने, बाळाच्या मोज्यांची ‘दोन सुलट दोन उलट’ अशी विणकामाची कृती, मोत्यांच्या तोरणाचा आराखडा, उशीच्या अभ्र्यावरच्या ‘गुड नाइट’चं वळण. बायकांच्या मासिकांतून कापून चिकटवलेले नमुने असतात. मागच्या बाजूला अर्धवट कथा असते, ती मी वाचते आणि शेवट कळत नाही म्हणून चरफडते. या वह्यांवर माहेरची नावं असतात, कारण त्या शाळेत, लग्नाआधी, रुखवताच्या तयारीत केलेल्या असतात. पितळ सासरचं नाव सांगतं आणि वही माहेरचं. एकाच बाईची दोन्ही मला अजून मिळालेली नाहीत.

आईकडून मी एक युक्तीही उचलली होती. शेजारणीच्या टेबलक्लॉथवरची नक्षी उतरवून घ्यायची असली की ती कापडावर पातळ कागद ठेवायची आणि जर्मलच्या चमच्याची पाठ त्यावरून घासायची. धाग्यांच्या उंचवट्यावर करडे ओरखडे उठतात, नक्षी कागदावर येते. शेजारीण चहा करून आणेपर्यंत काम झालेलं असायचं. मी भांड्यांवरच्या नावांना हेच करते, फक्त अक्षरं खोल गेलेली असतात म्हणून पेन्सिल आडवी धरून घासते; अक्षर पांढरं उरतं. प्रत्येक भांडं घरी आलं की आधी कागद, मग चिंच.

हे केलं नसतं तर आज मला तोंड दाखवायला जागा नव्हती. चार वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नात रुखवतावर मांडायला म्हणून पाच-सहा भांडी मी एका दुकानात उजळायला दिली. कोणत्या, ते सोडा. ‘नावांना हात लावू नका’ असं मी सांगितलं होतं, त्यांनी मान डोलावली होती. परत आली तेव्हा भांडी आरशासारखी झाली होती. बफच्या चाकावर धरून त्यांनी ती इतकी गुळगुळीत केली की दोनांची अक्षरं अंधूक झाली, आणि फिरकीच्या तांब्याच्या पोटावर काहीच उरलं नाही. दुकानदार आनंदानं म्हणाला, “बघा, सगळे डाग काढले.” मी पैसे दिले आणि घरी आले. त्या रात्री, घासून घेतलेल्या नावांचे कागद ज्या वहीत लावते ती वही उघडली. १ नंबरच्या पानावर, २००९ च्या तारखेखाली, करड्या पेन्सिलीत पांढरं उमटलेलं होतं: श. वि. गो. शिरगाव. शके १८५९.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या. घरातलं पितळ विकणार असाल तर खुशाल विका, पण आधी नावांवर कागद ठेवून पेन्सिल घासा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि कुठल्याही शिरगावच्या गोखले, गोडबोले, गोरे, गोंधळेकर अशा ‘गो’च्या घरात, १९३७ च्या सुमारास श. वि. असं कोणी होतं का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. होतं, असं निघालं तर या मासिकाच्या पत्त्यावर कळवा. तांब्यावर आता नाव नाही, पण तांब्या तोच आहे, फिरकी अजून घट्ट बसते. पैसे घेणार नाही. कल्हई तेवढी तुमची तुम्ही करून घ्या.